बास्केटबॉलपटूची हंगामवार आकडेवारी: वाचायची कशी आणि आपल्या पोरांची ठेवायची कशी

सोलापुरात बास्केटबॉल खेळणारी पोरं सकाळी उठून मोबाइलवर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, सामना बघतात आणि संध्याकाळी कोर्टवर "त्याची ॲव्हरेज तीस आहे, ह्याची सत्तावीस" म्हणून भांडतात. त्याच पोरांना विचारा, गेल्या हंगामात तुझे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) शंभरात किती पडले? सगळे गप्प. पालकांकडे प्रमाणपत्रांची फाइल असते, पण पोरगं नेमकं कशात सुधारलं हे त्यातून कळत नाही.

हा लेख दोन कामांसाठी आहे. पहिलं, एखाद्या व्यावसायिक खेळाडूचा कारकिर्दीचा तक्ता नीट वाचता येणं. दुसरं, तसाच तक्ता आपल्या शाळेच्या, कॉलेजच्या किंवा क्लबच्या खेळाडूसाठी तयार करणं. क्रम हाच ठेवा. वाचता न येणारा माणूस नोंद घ्यायला बसला की नको ते रकाने भरतो आणि हवे ते सोडतो.

काय काय लागेल

- क्लिप असलेला पुठ्ठ्याचा पॅड. उघड्या कोर्टवर वारा सुटला की सुटा कागद हातात राहत नाही.
- लाल आणि निळा, दोन बॉलपेन. जेल पेन नको. घामाच्या हाताने शाई पसरते.
- प्रत्येक सामन्यासाठी छापील ताळेपत्रक. नमुना एकदा हाताने आखा आणि पन्नासेक झेरॉक्स काढून ठेवा.
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि गुगल शीट्स किंवा एक्सेल.
- दोन माणसं. एक बघून बोलणारा, दुसरा लिहिणारा. एकट्याने दोन्ही करायचं तर एकाच संघाची नोंद घ्या.
- सामन्यानंतर अधिकृत स्कोअरशीटचा फोटो. प्रती दोन्ही संघांना मिळतात. आपल्या कोचकडून त्याच दिवशी फोटो काढून घ्या, दुसऱ्या दिवशी ती प्रत कुठे असते ते कोणालाच सांगता येत नाही.

१. तक्ता उजवीकडून नाही, डावीकडून वाचा

नवीन माणसाचा डोळा थेट शेवटच्या रकान्यावर जातो: प्रतिसामना गुण. तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघा सामने किती, मग मिनिटं किती, मग फटके किती मारले आणि किती पडले.

स्टीफन करीच्या पहिल्या बारा हंगामांवर हात बसवू. संघ सगळीकडे एकच, गोल्डन स्टेट वॉरियर्स, त्यामुळे नवशिक्याला सोपं जातं.

| हंगाम | सामने | प्रतिसामना मिनिटं | प्रतिसामना गुण |
|---|---|---|---|
| २००९-१० | ८० | ३६.२ | १७.५ |
| २०१०-११ | ७४ | ३३.६ | १८.६ |
| २०११-१२ | २६ | २८.२ | १४.७ |
| २०१२-१३ | ७८ | ३८.२ | २२.९ |
| २०१३-१४ | ७८ | ३६.५ | २४.० |
| २०१४-१५ | ८० | ३२.७ | २३.८ |
| २०१५-१६ | ७९ | ३४.२ | ३०.१ |
| २०१६-१७ | ७९ | ३३.४ | २५.३ |
| २०१७-१८ | ५१ | ३२.० | २६.४ |
| २०१८-१९ | ६९ | ३३.८ | २७.३ |
| २०१९-२० | ५ | २७.८ | २०.८ |
| २०२०-२१ | ६३ | ३४.२ | ३२.० |

२०११-१२ बघा. गुण १८.६ वरून १४.७ वर आले. खेळ घसरला का? सामने फक्त २६, कारण घोटा सारखा दुखावत होता. आणि तो हंगामच लॉकआउटमुळे (संघमालक आणि खेळाडूंच्या करारवादात लीग बंद राहिल्यामुळे) ८२ ऐवजी ६६ सामन्यांचा होता. मिनिटंही कमी. ३६ मिनिटांमागे किती गुण हे काढलं तर १९.९ वरून १८.८. चार गुणांची वाटणारी घसरण एकावर आली.

आता २०१३-१४ आणि २०१४-१५. पहिल्या वर्षी २,८४६ मिनिटांत १,८७३ गुण, दुसऱ्या वर्षी २,६१३ मिनिटांत १,९००. प्रतिसामना गुण २४.० वरून २३.८, म्हणजे किंचित खाली. ३६ मिनिटांमागे मात्र २३.७ वरून २६.२. सरासरी उतरली तरी खेळाडू वर गेला होता. हे एक उदाहरण पचलं की अर्धा विषय आला.

२०१५-१६ मध्ये ३०.१ आणि लगेच २५.३, हे का? २०१६ च्या उन्हाळ्यात केव्हिन ड्युरांट त्याच संघात आला आणि फटक्यांची वाटणी झाली. आकडा एकट्या खेळाडूचा दिसतो, पण त्यात सोबत कोण खेळतंय हेही मिसळलेलं असतं. २०१९-२० ची ओळ मात्र सरळ सोडून द्या. हात मोडल्यामुळे झालेल्या पाच सामन्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

२. टक्केवारीचे तीन प्रकार

करीचा २०१५-१६ चा हंगाम घ्या. मैदानी फटके (फ्री थ्रो सोडून बाकीचे) १,५९८, पडले ८०५. त्यातले तीन गुणांचे ८८६, पडले ४०२. फ्री थ्रो ४००, पडले ३६३. एकूण गुण २,३७५.

आधी ताळा करा. ८०५ मधून ४०२ वजा केले की दोन गुणांचे ४०३ उरतात, त्यांचे ८०६ गुण. तीनवाल्यांचे १,२०६. फ्री थ्रोचे ३६३. बेरीज २,३७५, जुळली. कुठलाही तक्ता हातात आला की हा ताळा आधी करायचा. समाजमाध्यमांवर फिरणारे निम्मे तक्ते इथेच पडतात.

- साधी टक्केवारी: पडलेले भागिले मारलेले. ८०५ भागिले १,५९८, म्हणजे ५०.४ टक्के. दोषही उघड आहे: इथे दोनचा आणि तीनचा बास्केट सारखाच धरला जातो.
- परिणामी टक्केवारी: पडलेल्या एकूण फटक्यांत तीनवाल्यांचे निम्मे मिळवायचे आणि मग भागायचं. ८०५ अधिक २०१, भागिले १,५९८. आली ६३.० टक्के.
- खरी टक्केवारी: यात फ्री थ्रोही येतात. मारलेल्या फटक्यांत फ्री थ्रोच्या संख्येचा ०.४४ पट मिळवा, त्याची दुप्पट करा आणि त्याने एकूण गुणांना भागा. १,५९८ अधिक १७६ म्हणजे १,७७४, दुप्पट ३,५४८, २,३७५ भागिले ३,५४८ म्हणजे ६६.९ टक्के.

०.४४ कशाला? प्रत्येक दोन फ्री थ्रो म्हणजे एक संधी असं धरलं असतं तर ०.५ आले असते. पण बास्केट पडूनही मिळणारा एक जादा फ्री थ्रो असतो, टेक्निकल फाउलचा असतो, त्यांनी नवी संधी खर्च होत नाही. म्हणून एनबीएसाठी ०.४४ हा अंदाजी गुणक रूढ झाला. शालेय सामन्यांना तोच वापरा, वेगळा शोधत बसू नका.

३. कारकिर्दीची सरासरी: सरासरींची सरासरी काढू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मायकेल जॉर्डनच्या पंधरा हंगामांच्या सरासरी घेऊन त्यांची बेरीज पंधराने भागली तर २९.५ येतात. खरी कारकिर्दीची सरासरी ३०.१ आहे: ३२,२९२ गुण भागिले १,०७२ सामने. फरक कुठून आला? १९८५-८६ मध्ये पायाच्या दुखापतीमुळे तो १८ सामने खेळला आणि १९९४-९५ मध्ये निवृत्तीतून परतून १७. या छोट्या हंगामांना ८२ सामन्यांच्या हंगामाइतकंच वजन मिळालं की हिशेब बिघडतो. म्हणून शीटमध्ये कायम बेरजा साठवा. सरासरी शेवटी, एकदाच.

दशांशाचंही भान ठेवा. विल्ट चेंबरलेनचे १,०४५ सामन्यांत ३१,४१९ गुण. एका दशांशापर्यंत तोही ३०.१ आणि जॉर्डनही ३०.१. दोन दशांशांवर जॉर्डन ३०.१२ आणि चेंबरलेन ३०.०७. याहून गमतीचं १९७७-७८ मध्ये झालं. शेवटच्या दिवशी डेव्हिड थॉम्पसनने ७३ गुण केले, त्याच दिवशी जॉर्ज गर्विनने ६३. हंगामाअखेर गर्विन २७.२२ आणि थॉम्पसन २७.१५. गुणांचा किताब गर्विनला. एका दशांशावर दोघेही २७.२ च दिसतात.

आणखी काही खड्डे:

- मध्येच संघ बदलला असेल तर त्या हंगामाच्या तीन ओळी असतात: दोन संघांच्या दोन आणि एकूण एक. जेम्स हार्डन २०२०-२१ मध्ये ह्यूस्टनकडून ८ आणि ब्रुकलिनकडून ३६ सामने खेळला, एकूण ४४. तिन्ही ओळी बेरजेत घेतल्या तर ८८ होतात, आणि ते ७२ सामन्यांचाच हंगाम असताना! अख्खा रकाना कॉपी करून आणला की हे हमखास होतं.
- प्लेऑफ (साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने) वेगळे ठेवा. जॉर्डनची साखळी सामन्यांची सरासरी ३०.१ आणि प्लेऑफची ३३.४ आहे. दोन्ही एकत्र करून तिसरा आकडा बनवू नका.
- दुसरी लीग. ज्युलियस अर्व्हिंगचे एनबीएत १८,३६४ गुण, आधीची एबीए धरली तर ३०,०२६. दोन्ही बरोबर आहेत. कुठला घेतला ते लिहा.
- तारीख. अमेरिकेतल्या संध्याकाळचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे होतो. आपल्या पेपरातली तारीख आणि तक्त्यातली तारीख एक दिवसाने हुकते. तक्ता कायम तिथली तारीख धरतो.

४. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

एनबीएत स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (समोरच्याचा फटका अडवणं) अधिकृतपणे मोजायला १९७३-७४ पासून सुरुवात झाली, टर्नओव्हर (चेंडू गमावणं) १९७७-७८ पासून, आणि तीन गुणांची रेषाच १९७९-८० मध्ये आली. त्यामुळे त्याआधी खेळलेल्या आणि ब्लॉकसाठीच गाजलेल्या बिल रसेलच्या नावापुढे ब्लॉक दिसत नाहीत. एक्सेलमध्ये रिकाम्या जागी शून्य टाकलं की तो ब्लॉक न करणारा सेंटर ठरतो. बास्केटबॉलमधला यापेक्षा मोठा विनोद सापडणार नाही.

काळाचा वेगही बघा. १९६१-६२ मध्ये चेंबरलेनने प्रतिसामना ५०.४ गुण केले, पण तो जवळपास प्रत्येक सामना पूर्ण खेळला आणि त्या वर्षी एकेक संघ सामन्यात सरासरी शंभराहून जास्त फटके मारत होता. फटके जास्त म्हणजे रिबाउंडही (हुकलेला चेंडू मिळवणं) जास्त. त्या काळचे रिबाउंड आजच्या शेजारी ठेवून निकाल देऊ नका.

५. आता आपलं मैदान: स्कोअरशीटमधून किती मिळतं

बऱ्याच पालकांना वाटतं, अधिकृत स्कोअरशीट मिळाली म्हणजे सगळं मिळालं. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) स्कोअरशीटवर गुण, फाउल, टाइमआउट आणि कोण मैदानात उतरला एवढंच असतं. रिबाउंड नाहीत, असिस्ट (बास्केट घडवणारा पास) नाहीत, मिनिटं नाहीत, हुकलेले फटकेही नाहीत.

जे आहे ते असं वाचा. धावत्या गुणांच्या रकान्यात गुणावर तिरकी रेघ म्हणजे मैदानी बास्केट, भरीव ठिपका म्हणजे फ्री थ्रो. शेजारी खेळाडूचा नंबर असतो. नंबराभोवती गोल असेल तर तो बास्केट तीन गुणांचा. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. म्हणून फोटो रंगीतच काढा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर क्वार्टर ओळखणं जड जातं.

नावापुढे फुली असेल तरच तो खेळाडू मैदानात उतरला. सुरुवातीच्या पाचांच्या फुलीला गोल असतो. बाकावर बसून राहिलेल्या पोराचा सामना मोजायचा नाही. हे पालकांना पटवणं अवघड जातं, पण सामना मोजला की सरासरी खाली येते, हे सांगितलं की पटतं.

फाउलच्या चौकोनात पीच्या (P, वैयक्तिक फाउल) शेजारी लहान २ असेल तर त्या फाउलवर समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळाले. असे आकडे जमवले तर संघाला एकूण किती फ्री थ्रो मिळाले हे निघतं. ज्या आकड्यापुढे रद्द झाल्याची खूण आहे तो सोडा. कोणी मारले ते मात्र निघत नाही.

एक खास सापळा: चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये चेंडू टाकला गेला तर ते दोन गुण समोरच्या संघाच्या मैदानावरच्या कॅप्टनच्या नावे लिहितात. कॅप्टनचे दोन गुण जास्त निघाले म्हणून स्कोअररशी वाद घालण्याआधी हे आठवा.

६. स्वतः नोंद घेताना

ताळेपत्रकावर प्रत्येक खेळाडूला एक ओळ. रकाने: दोनचे, तीनचे, फ्री थ्रो, आक्रमणातला रिबाउंड, बचावातला रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर, आत-बाहेर. पडला की उभी रेघ, हुकला की शून्य. पहिल्या दोन-तीन सामन्यांत फक्त फटके आणि रिबाउंड घ्या, असिस्टच्या वाटेला जाऊ नका. हात बसला की वाढवा.

कुठे चुकतं ते आधीच सांगून ठेवतो:

- फटका मारताना फाउल झाला आणि चेंडू पडला नाही, तर तो फटका मोजायचाच नाही. पडला तर मोजायचा. नवीन माणूस इथे दर सामन्याला दोन-तीन फटके जास्त लिहितो आणि पोराची टक्केवारी विनाकारण पडते.
- रिंगखाली हवेतच टॅप केलेला चेंडू नियंत्रणात असेल तर तो रिबाउंडही आहे आणि फटकाही.
- ब्लॉक झालेला फटका मारणाऱ्याच्या नावे हुकलेला धरतात. त्यानंतर चेंडू ज्याने घेतला त्याला रिबाउंड.
- हुकलेला चेंडू थेट बाहेर गेला तर रिबाउंड संघाच्या नावे. त्यासाठी पत्रकाच्या तळाला एक ओळ ठेवा.
- पास मिळालेल्या खेळाडूवर फटका मारताना फाउल झाला आणि त्याने एक जरी फ्री थ्रो टाकला, तर फिबाच्या पद्धतीत पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो. एनबीएत मिळत नाही. एकच पद्धत निवडा आणि पत्रकाच्या डोक्यावर लिहा.

मिनिटांसाठी बदली झाली की घड्याळात उरलेला वेळ आत-बाहेर रकान्यात लिहा, वजाबाकी घरी करा. साडेबारा मिनिटं १२.५ अशी लिहायची, १२.३० लिहिलं की हिशेब चुकला.

नंबरावर भरवसा ठेवू नका. स्पर्धा बदलली की जर्सी बदलते. नुसतं आडनावही पुरत नाही; सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेच्या संघात एकाच आडनावाची तीन पोरं सहज असतात. पूर्ण नाव आणि जन्मवर्ष लिहा.

७. शीटमध्ये भरताना

एक सामना, एक ओळ. तारीख, स्पर्धा, वयोगट, प्रतिस्पर्धी, क्वार्टर किती मिनिटांचा, आणि मग आकडे. आपल्याकडे हंगाम जून ते मे धरा, शैक्षणिक वर्षाशी जुळतो आणि वयोगटही त्यातच बदलतो.

क्वार्टरची मिनिटं हा रकाना कोणीच ठेवत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. फिबाचा सामना चार वेळा दहा, म्हणजे ४० मिनिटांचा. एनबीएचा ४८ चा. पण एका दिवसात खूप सामने उरकायचे असले की स्थानिक स्पर्धांत क्वार्टर छोटा करतात, घड्याळही न थांबवता चालू ठेवतात. अशा सामन्यातले १० गुण आणि पूर्ण सामन्यातले १० गुण सारखे नाहीत. म्हणून हंगामाचे एकूण गुण भागिले एकूण मिनिटं गुणिले ४०, असा दर काढा. तीन मिनिटं खेळून चार गुण करणाऱ्या पोराचा दर ५३ येईल, त्याला भुलू नका. हंगामात शंभर मिनिटं झाल्याशिवाय दर काढूच नका. एनबीएसुद्धा ८२ सामन्यांच्या हंगामात गुणांच्या सरासरीच्या यादीसाठी साधारण ५८ सामन्यांची आणि फ्री थ्रोच्या यादीसाठी १२५ पडलेल्या फ्री थ्रोंची अट ठेवते.

दोन तांत्रिक गोष्टी. "५-९" असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, म्हणून पडलेले आणि मारलेले असे दोन वेगळे रकाने करा. आणि आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. देवनागरी अंकांवर सूत्र चालेलच असं नाही.

थ्री-एक्स-थ्रीचे (तीन विरुद्ध तीन) सामने वेगळ्या पानावर. तिथे बास्केट एक आणि दोन गुणांचे असतात आणि २१ गुण झाले की सामना संपतो.

हात बसवायला एक ओळ सोडवून बघा. सात नंबर: दोनचे ९ पैकी ४, तीनचे ४ पैकी १, फ्री थ्रो ६ पैकी ३. गुण १४. साधी टक्केवारी ३८.५, परिणामी ४२.३, खरी ४४.८. तुमच्या सूत्रांतून हेच आकडे आले तर सूत्रं बरोबर आहेत. आणि १४ गुण ऐकायला बरे वाटले तरी निम्मे फ्री थ्रो हुकलेत, हे कोचला याच ओळीत दिसतं.

८. त्याच रात्री ताळा

खेळाडूंच्या गुणांची बेरीज स्कोअरशीटवरच्या अंतिम गुणांशी जुळली पाहिजे. सगळ्यांच्या मिनिटांची बेरीज सामन्याच्या मिनिटांच्या पाचपट, म्हणजे ४० मिनिटांच्या सामन्यात २००. ओव्हरटाइमच्या प्रत्येक पाच मिनिटांना आणखी २५. दोन्ही संघांची नोंद घेतली असेल तर हुकलेले फटके (हुकलेला शेवटचा फ्री थ्रोही धरून) आणि एकूण रिबाउंड, संघाचे धरून, जवळपास सारखे यायला हवेत. क्वार्टर संपताना हवेत असलेल्या चेंडूमुळे एखाददुसरा फरक पडतो. पाचसहाचा फरक असेल तर रिबाउंड लिहिणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

गुण जुळले नाहीत तर स्कोअरशीट खरी धरा आणि आपलं पत्रक दुरुस्त करा, उलटं कधीच नाही.

९. हा तक्ता कुठे चालतो, कुठे नाही

दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण किंवा सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण यासाठी हा तक्ता कोणी विचारत नाही. तिथे स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि नोकरीसाठी त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणीही लागते. निवड चाचणीतही पोराला मैदानातच खेळून दाखवावं लागतं.

चालतो तो कोचसमोर, आणि नव्या क्लबमध्ये किंवा कॉलेजच्या क्रीडा विभागात ओळख करून देताना. त्यासाठी एकच पान काढा: हंगाम, वयोगट, सामने, मिनिटं, तीन टक्केवाऱ्या, रिबाउंड, असिस्ट, टर्नओव्हर. खाली एक ओळ: नोंद कोणी घेतली आणि किती सामने नोंदीशिवाय राहिले. पोराचे ३० गुणांचे दोन सामने निवडून तेवढेच दाखवायचा मोह पालकांना होतो. अनुभवी कोच आधी एकूण सामने किती ते विचारतो आणि मग मूळ पत्रकं मागतो, म्हणून ती हंगामानुसार पंच करून फाइलला लावून ठेवा.